भाऊसाहेबांचा रुमाल

आमच्या आमदारांनी मला फसवलं. वडझिरीच्या बाजारात, भर दिवसा, सगळ्या गावाच्या देखत फसवलं, आणि ते कोणालाही दिसलं नाही, कारण त्यांचा आणि माझा हात रुमालाखाली होता.

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहतात, हातांवर रुमाल किंवा दुपट्टा टाकतात आणि आत बोटं धरून भाव करतात. शेवटी पूर्ण पंजा दाबला की सौदा पक्का. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला काही कळत नाही आणि आत काय ठरलं ते दोघांनी बाहेर सांगायचं नाही. मी पाहते आहे तेव्हापासून ही रीत आहे, आणि दाबलेल्या पंजावरून कोणी मागे फिरल्याचं मी पाहिलं नव्हतं.

मी बकऱ्यांचा धंदा करते. नवरा गेल्यावर पदरात दोन शेळ्या होत्या. आज परतवाड्यापासून मोर्शीपर्यंत कोणाकडे चांगला बोकड असला तर आधी मला निरोप येतो. पण बाईचा हात रुमालाखाली कोणी घेत नाही. त्यामुळे माझा प्रत्येक सौदा उघड्यावर, मोठ्या आवाजात झाला. चार टगे ऐकायला उभे राहायचे, हसायचे, "शकुबाई भांडून राहिली" म्हणायचे. मी भांडत नव्हते, भाव करत होते. पुरुषांचं तेच काम रुमालाखाली चुपचाप व्हायचं म्हणून त्यांना कोणी भांडकुदळ म्हणत नव्हतं.

हे आमदार, म्हणजे भाऊसाहेब, निवडणुकीच्या आधी आमच्या बाजारात आले. देवळाच्या बाजूला कडुनिंबाची झाडं आहेत, त्याखाली दर बुधवारी बाया बकऱ्या विकायला बसतात. ही जागा जाणार अशी कुणकुण होती. मी त्यांना विचारलं, "भाऊसाहेब, आमची जागा हलणार नाही ना?" त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला आणि आत पंजा दाबला. घट्ट.

आयुष्यात पहिल्यांदा एका पुरुषानं मला रुमालाखाली हात दिला. मी शब्द वदवून घ्यायचा विसरले, साक्षीदार ठेवायचा विसरले. त्या दिवशी बाजारात मी पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. घरोघर फिरून बायांची मतं मीच त्यांना मिळवून दिली.

निवडून आल्यावर वर्षाच्या आत बाजार हायवेवरच्या नव्या यार्डात गेला. नदीपलीकडे. बकरी हाकत बाई तिथे जाईल तर दिवेलागणीपर्यंत घरी परतू शकत नाही, आणि जीपवाला बकरीला बसू देत नाही. आता बकऱ्या नवरे घेऊन जातात. बाईच्या मालकीची घरात एकच चीज असते, बकरी. ती विकून आलेलं तिच्या पदराला बांधलं जायचं. आता ते नवऱ्याच्या खिशातून घरी येतं, आलं तर.

म्हणून या हिवाळ्यात मी भाऊसाहेबांना विचारायला निघाले.

परतवाडा

आधी करीमभाईंकडे गेले. करीमभाई बैलांचे जुने दलाल, माझ्या नवऱ्याचे दोस्त. रुमालाखालची बोटं मला त्यांनीच शिकवली, त्यांच्या घरच्या ओट्यावर, त्यांच्या बेगमला मधे बसवून. तिची बोटं धरून मी आकडे शिकले. ती विद्या मला कधी वापरता आली नाही ही गोष्ट वेगळी.

परतवाड्याला सकाळची थंडी मेळघाटावरून उतरते. स्टँडवर धारणीच्या जीपा भरत होत्या, टपावर मोहाच्या पाट्या आणि कोंबड्या. करीमभाईंनी खव्याची जिलेबी मागवली. जिलेबी काळी, जड आणि गरम. एक खाल्ली की दुपारच्या जेवणाची गरज नाही.

"भाभी, तुमी काहून त्याच्या मागं लागून राहिल्या?" ते म्हणाले. "हो गया सो हो गया."

"तुमच्या बैलांची जागा गेली असती म्हणजे तुमी असं म्हणाले असते?"

त्यांनी जिलेबीकडे पाहिलं. तेव्हा मला वाटलं, वय झालं माणसाचं.

भाऊसाहेबांची सुरुवात त्यांनी सांगितली. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातलं पोरगं, बाप लहानपणीच गेला. हायस्कूल करून, मिसरूड फुटता फुटता परतवाड्याला आलं आणि करीमभाईंच्या वडिलांच्या हाताखाली बैलं धरायला लागलं. बैलाचे दात पाहायला शिकलं, मग माणसांचे. पुढे सासरवाडीच्या गावात सरपंच, मग बाजार समिती, मग जिल्हा परिषद.

"अब्बा म्हणत, या पोराच्या बोटात लय अक्कल आहे. रुमालाखाली समोरच्याच्या हाताला घाम आला का नाही, तेवढ्यावरून भाव ओळखे."

"आणि विधानसभेत?"

"वहाँ तो बोलतेच नाई. वहाँ सब लिख के लेते ना!" करीमभाई खो खो हसले. मग म्हणाले, "ऑफिसात नाई भेटणार तो. मायच्या तिथीले गावी जाते. त्या दिवशी कुठीच पळत नाई. तिथं जा."

मी ऐकलं नाही. माझा स्वभाव असा की दार बंद आहे असं कोणी सांगितलं तरी मला हातानं ढकलून पाहावं लागतं.

अमरावती

ऑफिसात भाऊसाहेब नव्हतेच. त्यांच्या खाजगी सचिवानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि काम काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, "त्यांचा पंजा परत करायचा आहे." तो घाबरला. त्याला वाटलं, बाई निवडणूक चिन्हाबद्दल बोलते आहे. म्हणाला, "ताई, आपला पक्ष तो नाही." मला हसू आलं आणि राग अर्धा उतरला. भाऊसाहेब दुसऱ्या दिवशी भातकुलीला भाषणाला जाणार एवढं त्यानं सांगितलं.

संध्याकाळी राजकमल चौकाच्या बाजूला गिला वडा खाल्ला. दह्यात भिजलेला, वरून तिखट. आमच्या वडझिरीत वडा कोरडा, आणि दही घरी खायची वस्तू. शहरात सगळं रस्त्यावर उभं राहून खातात, बायासुद्धा, आणि कोणी पाहतही नाही. इथे बाई उघड्यावर उभी राहिली तर ती गिऱ्हाईक. आमच्याकडे उभी राहिली तर तमाशा.

सकाळी स्टँडवर संत्री घ्यायला थांबले. विकणारी मोर्शीकडची होती. वरची फळं चकचकीत, खालची मऊ. मी टोपली उलटी केली. ती भडकली. मी त्याहून भडकले. आमची अशी जुंपली की भातकुलीची बस आमच्या समोरून गेली आणि दोघींनाही दिसली नाही. मग तिनं खालच्या थरातली सगळी बाजूला काढली, चांगली फळं दिली आणि वर दोन जास्त टाकली.

"तुमी धंद्यातल्या दिसता, बाई."

"तू बी."

दुसरी बस येईपर्यंत आम्ही दोघी तिच्या पोत्यावर बसून संत्री खात होतो. भांडण उघड्यावर झालं, मिटलंही उघड्यावर. हे नंतर मला पुन्हा पुन्हा आठवलं.

भातकुली

मंडप भरलेला होता. पुरुष पुढे, बाया मागे दोरीच्या पलीकडे. बाहेर तुरीची शेतं पिवळी होऊन आली होती आणि कापसाची दुसरी वेचणी चालली होती. तरी माणसं आली होती. भाऊसाहेबांचं भाषण ऐकायला लोक येतात, कारण ते घरात बोलल्यासारखं बोलतात.

ते म्हणाले, दारूचं दुकान गावात नको, मग सरकारचं उत्पन्न बुडालं तरी चालेल. मी टाळी वाजवली. माझा भाऊ दारूनं गेला.

ते म्हणाले, पोरापोरीनं लग्न करावं, पण आईबापाला सांगून करावं, आणि तसा कायदा व्हावा. मी टाळी वाजवली. कायद्याचं मला ठाऊक नाही, पण सांगून करावं हे मला पटतं.

ते म्हणाले, गावाचा निवाडा गावानं करावा, साहेबांनी येऊन आम्हाला शिकवू नये. मी जोरात वाजवली.

मग म्हणाले, "आपली माय, आपली बहीण बाजारात उन्हातानात उभी राहते, दहा लोकांची बोलणी खाते, याची मले लाज वाटते. मी असेपर्यंत ती घरात इज्जतीनं बसंल."

माझे हात वर आलेच होते. टाळी वाजायच्या आधी ते हवेतच थांबले. आजूबाजूच्या बाया वाजवत होत्या. त्यातल्या निम्म्या शेतातून, वेचणी टाकून आल्या होत्या. घरात कोण बसलं होतं?

भाषण संपल्यावर मी गाडीपर्यंत धावले, पण ती निघून गेली होती. दोरीजवळ उभी राहून मी विचार करत होते. हा माणूस खोटं बोलत नव्हता. "लाज वाटते" म्हणताना त्यानं खाली पाहिलं होतं. खोटारड्याशी भाव कसा करायचा हे मला माहीत आहे. मनापासून बोलणाऱ्याशी कसा करायचा हे मला येत नव्हतं.

खारपाणपट्टा, अकोला

शेवटी करीमभाईंनी सांगितलं तेच केलं. तिथीच्या दिवशी भाऊसाहेबांच्या जन्मगावी पोचले. अकोल्याहून एसटीनं फाट्यापर्यंत आणि पुढे मालवाहू रिक्षात, सरकीच्या पोत्यांवर बसून. एका खड्ड्यात मी उडाले आणि वहाण खाली पडली. ड्रायव्हर म्हणाला, "राहू द्या, परतताना सापडंल." खरंच सापडली.

या भागात डोंगर नाही. परतवाड्याला कुठेही उभं राहा, उत्तरेला गाविलगडाची रांग पाठीशी असते. इथे चारी बाजूंनी काळी माती आणि वर नुसतं आभाळ. विहिरीचं पाणी खारं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही. म्हणून घरोघरी दोन माठ, एक खारा वापरायचा आणि एक गोडा, लांबून आणलेला. पाहुण्याला गोडं पाणी देतात आणि स्वतः पीत नाहीत. मी हे जाणून होते, तरी तहानेनं तांब्याभर प्यायले आणि मग लाजले.

तांब्या देणारी भाऊसाहेबांची थोरली बहीण, अनुसयाबाई. नऊवारी, कपाळाला गोंदण. वऱ्हाडी जेवणाची तयारी चालली होती, रोडगे निखाऱ्यात भाजत होते, मोठ्या कढईत वांग्याची भाजी. मी बसले आणि वांगी चिरायला घेतली. पाहुणी म्हणून बसून राहणं मला जमत नाही.

"कोणत्या कामानं आल्या वो बाई?"

"बकऱ्यांच्या."

त्यांनी हातातलं वांगं खाली ठेवलं. "आमची माय बकऱ्या इकत होती," त्या म्हणाल्या. "बकऱ्या इकूनच त्याले हायस्कुलात ठेवलं तिनं."

मला हे करीमभाईंनी सांगितलं नव्हतं. त्यांनाही ठाऊक नसावं.

"बाजारात मोठ्यानं बोले ती," अनुसयाबाई सांगत होत्या. "हा शाळेतून येताना पाहे. पोट्टे त्याले चिडवत, तुही माय बाजारात बोंबलून राहिली म्हणत. एक दिवस हा रडत रडत घरी आला. म्हणे, मी मोठा झालो की तुले बाजारात उभी राहू देणार नाई. कमवायले लागला, तसं त्यानं पहिलं काम तेच केलं. बकऱ्या इकून टाकल्या. मायले खुर्ची आणून देली."

"मग?"

"मग काय. बसे खुर्चीवर. बुधवार आला की दारात येऊन बसे अन् रस्त्याकडं पाहे." त्या चूल फुंकू लागल्या. धुरानं की कशानं, डोळे पुसले. "मायले बाजार आवडे वो. घरात ती चूप राहे. बाजारातच बोले ती."

मी विळी बाजूला सारली.

जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा भाऊसाहेब आले. त्यांनी आईच्या फोटोसमोर डोकं टेकवलं. मग स्वतः वाढायला उभे राहिले. मी ओट्यावरून हाक मारली.

"भाऊसाहेब, रुमाल आणला का?"

ते वळले. ओळखलं. "शकुताई? तुमी इथं?"

"जागा हलणार नाही, असा सौदा झाला होता आपला."

"हळू बोला ताई. जेवणं चालून राहिली."

"हळू बोलले, तेव्हाच तर फसले."

त्यांनी भाजीचं भांडं दुसऱ्याकडे दिलं आणि ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसले. राग नव्हता. हाच त्यांचा मोठा गुण आहे, तो मी नाकारत नाही.

"तुमाले हात देला, तसा देवळाच्या लोकायलेही देला होता. त्यायले जागा मोकळी पाहिजे होती. करीमभाईले बी देला. त्यायले बैलांसाठी मोठं यार्ड पाहिजे होतं. सगळ्यायचं कसं होईल? कोणाचं तरी राहणारच. रुमालाखालचं रुमालाखाली राहते. तुमी बाजारच्या, तुमाले मी काय सांगू?"

करीमभाईंचं नाव ऐकून मला ती जिलेबी आठवली. पण तोंड चालू होतं.

"मंग तुमी मले नाही म्हणून सांगायचं होतं."

"नाही म्हणून कोणी निवडून येते का?" ते हसले. मग गंभीर झाले. "अन् बाईनं बाजारात उभं राहू नये, हे मी तुमच्यापासून कधी लपवलं? दरेक भाषणात सांगतो. तुमी बी टाळ्या वाजवत होत्या."

हे खरं होतं. मी पदर सावरू लागले.

त्यांना ते कळलं. माणूस बाजारात तयार झालेला, समोरचा केव्हा ढिला पडतो हे त्यांना बोटांशिवायही कळतं. आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचं नुकसान नाही होऊ देणार. यार्डात पक्का गाळा, पत्र्याचा, पाण्याच्या टाकीजवळ. तुमच्या नावानं. तुमी धंदेवाल्या आहात. बाकीच्या बायायचं काय, त्यायचे मालक येतातच." आणि खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी आपल्या तळहातावर पसरला.

मी खरं लिहिते. गाळा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. पत्रे, खुंटे, पाण्याची टाकी, पाटीवर माझं नाव. पावसात भिजून, उन्हात उभी राहून मी हा धंदा केला आहे. आणि रुमाल पुन्हा माझ्यासमोर होता. मला फक्त हात आत घालायचा होता.

स्वयंपाकघराच्या दारात अनुसयाबाई उभ्या होत्या. त्या नुसत्या माझ्या हाताकडे पाहत होत्या.

मी रुमाल उचलला, त्याची घडी घातली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

"उघड्यावर बोला, भाऊसाहेब. एकच सांगा. खुर्ची आणली त्या दिवशी, मायले इचारलं होतं का?"

पंगतीतली दोन-चार माणसं थांबली. भाऊसाहेबांनी फोटोकडे पाहिलं, मग बहिणीकडे. मग ते उठले आणि पुन्हा भाजी वाढू लागले. माझ्या ताटातही वाढली. मी जेवले. तिथीचं अन्न टाकून उठायची आमच्याकडे रीत नाही. डाळ छान शिजली होती, गोड्या पाण्यात.

पुन्हा परतवाडा

करीमभाई स्टँडजवळच्या हॉटेलात बसले होते. मला पाहूनच त्यांना कळलं.

"तुमाले माहीत होतं," मी म्हटलं.

"हाव."

"अन् मले सांगतलं नाही."

"भाभी, रुमालाखालची बात होती. उमर गेली या धंद्यात, आजपर्यंत कोणाची सांगतली नाई." त्यांनी चहा बाजूला सारला. "तो म्हणला, बैलांसाठी मोठी जागा देतो, सगळा बाजार तिकडं नेतो. मी खुश झालो. बकऱ्यांचं काय होईल, ते मी इचारलंच नाई. यही मेरी गलती."

मी रागानं उठायला लागले, तेवढ्यात करीमभाई उभे राहिले. हॉटेल भरलेलं होतं, दलाल, ड्रायव्हर, दूधवाले. त्यांनी टेबलावर हात आपटला.

"सुनो भाई लोग! भाऊसाहेबानं माह्यासंग रुमालात सौदा केला होता. बाजार हलवीन म्हणून मले पंजा देला, अन् नाई हलवणार म्हणून या भाभीले देला. दोन्ही एकाच बुधवारी. आता जे म्हणायचं ते म्हणा."

कोपऱ्यातला एक जुना दलाल म्हणाला, "करीमभाई, आतलं बाहेर आणलं राव तुमी."

"आणलं," करीमभाई म्हणाले आणि खाली बसले. मी त्यांच्या समोरचा चहा बशीत ओतून त्यांच्याकडे सरकवला. माझा राग पूर्ण गेला नाही. तो एवढ्यात जाणारही नाही. पण त्या माणसाला हे किती जड गेलं, ते मला ठाऊक आहे.

घरी येताना वडझिरीत जुन्या बाजारापाशी उतरले. बुधवारच होता. कडुनिंबाखाली कोणी नव्हतं. देवळाच्या लोकांनी तिथे फरशी बसवायला घेतली आहे. यार्डात गाळे उभे आहेत, त्यातला एक अजून रिकामा आहे असं ऐकते. तो मी घेणार नाही. एकटीला मिळालेली जागा बाकीच्या बायांच्या कोणत्या कामाची?

भाऊसाहेब, हे लिखाण तुमच्या ऑफिसात कोणीतरी तुमच्यासमोर ठेवील. तुमच्या भाषणाला टाळ्या मी वाजवल्या, दारूबाबत पुढेही वाजवीन. पण तुम्ही आम्हाला एक हिशेब उघड्यावर देणं लागता. कोणत्याही बुधवारी या. कडुनिंबाखाली मी बाया गोळा करून ठेवते, करीमभाई येतील, अनुसयाबाईंना मी स्वतः जाऊन घेऊन येईन. रुमाल गाडीत ठेवून या. दोन्ही हात मोकळे ठेवून, मागच्या दोरीजवळच्या बाईलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगा की एकाच बाजारात उलटसुलट सौदे का केले. आणि त्या खुर्चीबद्दल बहिणीच्या तोंडावर सांगा. तुमची माय जितक्या मोठ्यानं बोलायची, तितक्या मोठ्यानं.